कोकणातील सावलीची बाग आणि होस्टा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माडाच्या, पोफळीच्या किंवा जुन्या आंब्याच्या सावलीत काय लावावे, हा कोकणातील घरांचा नेहमीचा प्रश्न आहे आणि अलीकडे त्या प्रश्नाबरोबर होस्टा हे नावही घेतले जाते. परदेशांतील बागांच्या छायाचित्रांत दिसणारी ती रुंद, निळसर हिरवी, पांढऱ्या काठाची पाने आपल्याही परसात असावीत, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पुढील उत्तरे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीचे हवामान, इथली माती आणि इथला पाऊस समोर ठेवून लिहिली आहेत.

होस्टा म्हणजे नेमके कोणते झाड?

होस्टा ही मुख्यतः पानांसाठी लावली जाणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. तिच्या मूळ जाती जपान, कोरिया, चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडील भागात आढळतात आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तिला आज शतावरीच्या कुळात धरतात. तिला उभे खोड नसते. जमिनीलगतच्या गड्ड्यातून लांब देठाची पाने गोलाकार बाहेर येतात आणि प्रत्येक पानावर देठापासून टोकापर्यंत कमानीसारख्या वळलेल्या खोल शिरा असतात. उन्हाळ्यात फिकट जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांचे दांडे येतात, परंतु बागाईतदार तिला पानांसाठीच जपतात.

युरोपला या वनस्पतीची पहिली लेखी ओळख एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याने करून दिली. तो १६९० ते १६९२ या काळात जपानमध्ये होता आणि त्याचा ग्रंथ १७१२ मध्ये प्रसिद्ध झाला. होस्टा हे नाव मात्र १८१२ मध्ये, निकोलाउस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ देण्यात आले. केम्फरचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, कारण कोकणच्या बागेशी त्याचा अनपेक्षित संबंध आहे.

कोकणात होस्टा वाढेल का?

टिकाऊ स्वरूपात वाढणार नाही. याचे कारण उन्हाळा हे नसून हिवाळा हे आहे, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सावली आहे, ओलावा आहे, मातीत पालापाचोळा कुजलेला आहे, मग झाड का जगू नये, असे वाटते. परंतु होस्टाच्या गड्ड्याला दरवर्षी पूर्ण झोप लागते आणि त्या झोपेसाठी किमान महिना-दीड महिना चार-पाच अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान मिळावे लागते. पाने पूर्ण वाळून गेल्यावर गड्डा त्या थंडीत राहतो, आतल्या कोंबांमध्ये बदल घडतात आणि मगच वसंतात ते कोंब जोमाने फुटतात.

रत्नागिरी, मालवण, श्रीवर्धन किंवा अलिबाग येथे जानेवारीच्या पहाटेसही पारा बहुतेक १७ ते २० अंशांच्या आसपास असतो. दापोलीच्या बाजूला काही रात्री याहून गार जातात, पण सलग काही आठवडे चार-पाच अंशांची थंडी संपूर्ण कोकणात कुठेही पडत नाही. त्यामुळे झाडाला झोपायची वेळ झाली हे कधी कळतच नाही. ते थकलेल्या अवस्थेत थोडी थोडी पाने काढत राहते, आणि गड्ड्यातील साठा संपला की नाहीसे होते.

आमच्याकडे आणलेला होस्टा पहिल्या वर्षी छान वाढला. मग तो जगणार नाही असे का म्हणता?

पहिल्या वर्षाची वाढ ही झाडाने आधीच्या थंड प्रदेशात केलेल्या साठवणीवर होते. हिमाचल किंवा काश्मीरसारख्या, खरा हिवाळा असलेल्या प्रदेशात वाढलेल्या गड्ड्यात पुढच्या हंगामाचे कोंब तयार असतात आणि ते कोकणात आल्यावर उमलतात. दुसऱ्या वर्षी पाने संख्येने कमी आणि आकाराने लहान येतात. तिसऱ्या वर्षी बहुधा काहीच उरत नाही.

त्यात पावसाळ्याची भर पडते. उष्ण आणि ओल्या मातीत स्क्लेरोशियम रॉल्फ्साय या बुरशीचा प्रादुर्भाव होतो. देठाच्या बुडाशी पांढरे तंतू दिसतात, त्यावर मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी गोळे धरतात आणि पाने देठापासून सहज सुटून हातात येतात. ही बुरशी मातीत बराच काळ टिकून राहते आणि इतर अनेक पिकांवरही येते, म्हणून असे झाड दिसल्यास ते भोवतालच्या मातीसह काढून टाकावे आणि खतखड्ड्यात मुळीच टाकू नये.

गड्डे फ्रिजमध्ये ठेवून थंडी देता येणार नाही का?

देता येते. उष्ण प्रदेशांतील काही हौशी बागाईतदार तसे करतातही. नोव्हेंबरमध्ये पाणी तोडून पाने वाळू द्यायची, गड्डा स्वच्छ करून किंचित दमट कोकोपीटमध्ये गुंडाळायचा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दीड-दोन महिने ठेवायचा, अशी ती पद्धत आहे. गड्डा पिकत्या फळांजवळ ठेवू नये, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कोंबांना इजा होऊ शकते. एअर कंडिशनरच्या खोलीचा मात्र काहीच उपयोग नाही, कारण १८ अंश ही या झाडाच्या दृष्टीने थंडीच नव्हे.

तरीही मी हा मार्ग सुचवत नाही. नोव्हेंबरात ठेवलेला गड्डा जानेवारीअखेर बाहेर येतो आणि त्याची कोवळी पाने नेमकी फेब्रुवारी ते मे या कोरड्या, तापत्या महिन्यांत उघडतात. पावसाळा येईपर्यंत ती पाने करपलेली असतात आणि ज्या चार महिन्यांत कोकणातील इतर प्रत्येक झाड आनंदाने वाढते, त्या काळात हे झाड कुजण्याशी झुंजत असते. कुंडीतले एक झाड कुतूहल म्हणून असे सांभाळता येईल, परंतु बाग त्यावर उभी करता येणार नाही.

होस्टाची सुगंधी जात उष्ण हवेत चालते असे ऐकले आहे. ती लावावी का?

होस्टा प्लांटाजिनिया ही मूळची चीनमधील जात इतरांपेक्षा अधिक उष्णता सोसते, तिची मोठी पांढरी फुले सायंकाळच्या सुमारास उमलतात आणि त्यांना खरोखरच सुगंध असतो. तरीही तिलाही थंड हिवाळा हवाच असतो. ती कदाचित एखादे वर्ष अधिक तग धरेल, इतकेच म्हणता येईल.

ऑनलाइन मिळणाऱ्या रंगीबेरंगी होस्टाच्या बिया खऱ्या असतात का?

जांभळ्या, लाल, इंद्रधनुषी पानांच्या होस्टाची जी चित्रे बियांच्या पाकिटांवर असतात, तशी पाने होस्टाला येतच नाहीत. होस्टाचे खरे रंग हिरवा, निळसर, पिवळा, पांढरा आणि त्यांच्या मिश्र छटा एवढेच आहेत. काही जातींच्या देठांवर तांबूस झाक असते, पण पान लाल नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पांढऱ्या काठाच्या होस्टाचे बी पेरले तरी रोपे बहुधा साध्या हिरव्या पानांची येतात, कारण तो काठ बियांमधून पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणूनच या जाती गड्डे वेगळे करून किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवल्या जातात. बियांवर पैसे घालवू नयेत.

मग होस्टासारखे दिसणारे, पण कोकणात रमणारे काय लावावे?

निवड भरपूर आहे आणि माझ्या मते ती होस्टापेक्षा उणी नाही.

दिसण्यात सर्वांत जवळचे झाड म्हणजे युकॅरिस लिली. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याच्या पश्चिम भागातील असल्यामुळे दमट सावली हे तिचे घरच आहे. पान रुंद, गर्द हिरवे, तुकतुकीत आणि लांब देठाचे असते. पाठीमागून कवडसा पडला तर देठाकडून टोकाकडे वळत गेलेल्या शिरा होस्टाप्रमाणेच उठून दिसतात. दाटीने वाढलेल्या कुंडीत ती अधिक फुलते. काही आठवडे पाणी कमी करून पुन्हा नेमाने दिले की पांढऱ्या, खाली झुकलेल्या, सुवासिक फुलांचे दांडे येतात. ती बारा महिने हिरवी राहते.

दुसरे झाड आपलेच आहे: भुईचाफा. याचे शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा, आणि हे गणनाम लिनियसने ज्या केम्फरच्या स्मरणार्थ दिले, तोच हा होस्टाची पहिली नोंद करणारा वैद्य. उन्हाळ्याच्या अखेरीस, भोवती एकही पान नसताना, कोरड्या मातीतून थेट पांढरी-जांभळी फुले उमलतात. ती इतकी जमिनीला चिकटून असतात की वास आला तरी फूल शोधावे लागते. पाऊस सुरू झाला की पाने येतात: वरून हिरवी आणि गडद-फिकट पट्ट्यांची, खालून जांभळट. याच गणातील दुसऱ्या, जमिनीलगत पसरणाऱ्या जाती अमेरिकेत फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यांत होस्टाच्या जागी लावल्या जातात, कारण त्यांचीही अडचण आपल्यासारखीच आहे.

पांढऱ्या आणि गुलाबी पानांची हौस असेल तर कॅलेडियम लावावे. अंधाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या पानांची जात फार दुरूनही उजळ दिसते. मागच्या बाजूस उंची हवी असेल तर पेव योग्य. त्याचे खोड मळसूत्रासारखे वळत जाते आणि श्रावण-भाद्रपदात लालसर कणसातून पांढरी, कागदासारखी फुले येतात. रानहळदीची रुंद पाने आणि गुलाबी टोकाचे तुरे पावसाळ्यात पुढच्या ओळीत शोभतात. ज्यांना होस्टाच्या कुळातलेच काही हवे असेल त्यांनी स्पायडर प्लांट लावावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण भाजीसाठी आणतो ती फोडशी त्याच्याच गणातली.

या झाडांची मांडणी कशी करावी?

सावलीच्या बागेची आखणी करताना बहुतेक जण उंची आणि रंग पाहतात. कोकणात त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो: डिसेंबर ते मे या काळात या जागेवर पाणी येते का? इथल्या बागेचे सारे यश या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे असे मला वाटते, आणि पुष्कळ बागा तेवढ्यावरूनच बिघडतात.

होस्टा थंडीत झोपतो, तर भुईचाफा, कॅलेडियम, रानहळद, पेव, सुरण आणि शेवळे ही झाडे कोरड्या ऋतूत झोपतात. पाऊस गेल्यावर त्यांची पाने पिवळी पडतात, झाड मेल्यासारखे दिसते, पण कंद जमिनीत सुखरूप असतो. अशा झोपलेल्या कंदाला रोज पाणी मिळत राहिले तर तो कुजतो किंवा अवेळी कोंब काढून अशक्त होतो. म्हणून हे कंद पोफळीच्या किंवा माडाच्या आळ्यात, जिथे उन्हाळाभर शिंपणे चालू असते, तिथे लावू नयेत. गडग्याच्या कडेला, पाखाडीच्या दोन्ही अंगांना, आंब्याच्या घेराबाहेरच्या पट्ट्यात, म्हणजे जिथे पावसाखेरीज पाणी येत नाही, तिथे त्यांना जागा द्यावी.

उलट युकॅरिस, नेचे, ॲग्लोनेमा, पीस लिली, कॅलेथिया ही झाडे झोपत नाहीत. त्यांना बारा महिने ओल लागते, आणि पाटाच्या कडेची किंवा आळ्यांमधली जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवावी. न्हाणीघराच्या पाण्याची मोरी जिथे परसात उतरते, तिथे पूर्वापार अळूच असते आणि त्याहून चांगली योजना सुचवता येणार नाही. मात्र साबणाचे पाणी कॅलेथियासारख्या नाजूक झाडांकडे जाऊ देऊ नये.

दोन्ही प्रकारांच्या मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ घातली तर पाणी देणाऱ्या माणसालाही हद्द कळते. घरच्या सर्वांना, विशेषतः उन्हाळ्यात शिंपणे करणाऱ्या गड्याला, कोरड्या पट्ट्यात कंद आहेत हे सांगून ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर रिकामी जागा समजून तिथे कुदळ चालते.

कोणत्या झाडाखालची सावली चांगली?

पोफळीची सावली सर्वांत उत्तम. ती उंच असते, हलती असते आणि दिवसभर कवडसे सरकत राहतात. माडाखालीही तसेच, परंतु नारळ आणि झावळ पडण्याच्या टप्प्यात नाजूक पानांची झाडे लावू नयेत. आंब्याखाली सावली दाट असते आणि वरच्या थरातील मुळे ओलावा ओढून घेतात, त्यामुळे खोडाजवळची जागा मोकळी सोडून पानांच्या घेराच्या कडेला लागवड करावी. आंब्याची किंवा फणसाची मुळे तोडून वाफे करू नयेत आणि खोडाभोवती मातीची भर घालू नये, त्याने मोठे झाडच दुखावते. काजूखालची पाने सावकाश कुजतात व थर जाड बसतो, म्हणून तिथे लहान रोपांवरचा पाला अधूनमधून बाजूला करावा लागतो.

घराच्या उत्तरेकडील बाजू फार उपयोगाची आहे. सकाळचे कोवळे ऊन दोन तास मिळाले तर कॅलेडियमचे रंग खुलतात. दुपारचे ऊन मात्र या यादीतील बहुतेक पानांना करपवते.

जांभ्याची माती चालते का?

चालते. तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होतो, हे दोन्ही गुण या झाडांना मानवतात. तिची उणीव म्हणजे सेंद्रिय अंश पावसात वाहून जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत येतो, तेव्हा एका वेळी घातलेले भरपूर खत बऱ्याच अंशी धुऊन जाते. त्यापेक्षा लागवडीच्या वेळी चांगले कुजलेले शेणखत आणि पुढे जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप पाहून थोडी भर, असे दोन-तीन हप्त्यांत द्यावे. युरियाचा मारा करू नये. त्याने कॅलेडियमचे रंग हिरवट होतात आणि पाने लुसलुशीत होऊन गोगलगायींना आयती मेजवानी मिळते.

कातळावर माती वीतभरच असेल तर चिऱ्यांची कड बांधून वाफा उंच करावा. गुहागर, दिवेआगर यांसारख्या पुळणीच्या गावांत वाळू जास्त असल्याने शेणखताबरोबर कुजलेला पालापाचोळा मिसळावा आणि वाफ्याच्या तळाशी नारळाची सोडणे पसरावीत, म्हणजे ओल धरून राहते.

लागवड कधी करावी?

कंदांची लागवड मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मृगाच्या आधी, करावी. कंद दोन-तीन इंच खोल, कोंब वर करून ठेवावा आणि पहिल्या सरी येईपर्यंत फारसे पाणी देऊ नये. जुलैच्या मुसळधार पावसात नवे कंद लावले तर मुळे धरण्याआधीच ते कुजण्याची भीती असते. युकॅरिस, नेचे व कुंडीत वाढलेली इतर हिरवी रोपे जूनच्या मध्यापासून किंवा पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरात लावता येतात.

पाने पिवळी पडू लागली की ती ओढून काढू नयेत. ती पूर्ण वाळेपर्यंत त्यांतील अन्न कंदात उतरत असते.

पागोळ्यांखाली काय लावावे?

काहीही लावू नये. कौलांवरून सलग कोसळणारे पाणी मोठी पाने फाडते आणि माती उकरून मुळे उघडी पाडते. पागोळ्यांच्या रेषेत जांभ्याचे तुकडे किंवा खडी पसरावी आणि लागवड तिच्यापासून हातभर बाहेर सुरू करावी.

गोगलगायींचा बंदोबस्त कसा करावा?

होस्टाचा जगभरातील मुख्य शत्रू गोगलगाय हाच आहे आणि कोकणातील सावलीच्या बागेलाही तिचाच सर्वाधिक त्रास होतो. इथे दोन प्रकार आढळतात. एक बिनशंखाची, मऊ, रात्री पानांच्या खालच्या बाजूला चिकटलेली, आणि दुसरी मोठ्या तपकिरी शंखाची आफ्रिकन गोगलगाय, जी पावसाळ्यात मोठ्या संख्येने बाहेर येते. सकाळी पानावर अनियमित आकाराची भोके आणि त्यांच्यापासून निघालेली चकाकणारी वाळलेली रेघ दिसली, तर तिचे काम आहे असे समजावे. अळी असेल तर विष्ठेचे काळे कण सापडतात, रेघ नसते.

सर्वांत परिणामकारक उपाय कष्टाचा आहे. पहिला पाऊस झाल्यापासूनच, म्हणजे त्यांनी अंडी घालण्याआधी, रात्री आठ-नऊच्या सुमारास विजेरी घेऊन त्या वेचाव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. वेचताना हातमोजे किंवा चिमटा वापरणे सक्तीचे समजावे, कारण आफ्रिकन गोगलगायीतून मेंदूज्वरासारखा आजार करणाऱ्या सूक्ष्म कृमीचा संसर्ग माणसाला होऊ शकतो. लहान मुलांना हे काम देऊ नये. संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला ओली गोणपाटे टाकून त्यांखाली कोबीची किंवा पपईची पाने ठेवली, तर पहाटे त्या तिथेच गोळा झालेल्या मिळतात. हे काम शेजारीपाजारी मिळून एकाच आठवड्यात केले तर फरक दिसतो. एकट्याच्या परसात वेचून उपयोग थोडा होतो, कारण गडगा ओलांडायला त्यांना एक रात्र पुरते.

वाफ्यावर मीठ टाकू नये, ते मातीत उतरून झाडांनाच मारते. राखेचा पट्टा कोरडा असेपर्यंतच काम करतो, त्यामुळे आषाढात त्यावर विसंबता येत नाही. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या प्रभावी आहेत, परंतु त्या कुत्र्यांना अतिशय विषारी असतात आणि कुत्रे त्या आवडीने खातात. घरी किंवा शेजारी कुत्रा असेल, कोंबड्या मोकळ्या फिरत असतील, तर त्या वापरू नयेत असेच माझे स्पष्ट मत आहे.

साळिंदर आणि रानडुक्कर कंद उकरतात. काही उपाय?

सुरण आणि अळू यांना त्यांचा धोका सर्वाधिक असतो. रानाला लागून घर असेल तर कंदांचे वाफे घराजवळ ठेवावेत, लावलेल्या कंदांवर चार बोटे मातीखाली जाळी आडवी पसरावी, आणि कोंब त्यातून वर येऊ द्यावेत. मौल्यवान कॅलेडियम पाने वाळल्यावर काढून कोरड्या वाळूत किंवा राखेत, हवा खेळेल अशा टोपलीत ठेवलेले बरे.

दाट पानांच्या बागेत सापाची भीती नाही का?

आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी. विशेषतः रत्नागिरी व सिंधुदुर्गात फुरशांचे प्रमाण लक्षणीय आहे. फुरसे आकाराने लहान, मातकट रंगाचे असते आणि दगडांच्या फटींत, पाल्याखाली बसले तर सहज दिसत नाही. उंबरठ्यापासून आणि नेहमीच्या वाटेपासून तीन-चार फूट जागा स्वच्छ, पाला झाडलेली ठेवावी आणि दाट लागवड तिच्यापलीकडे करावी. पाल्यात हात घालण्याआधी काठीने पाला हलवावा, चिरा उचलताना तो आपल्या बाजूने नव्हे तर पलीकडच्या बाजूने उचलावा, बूट आणि जाड हातमोजे घालावेत. रात्री गोगलगायी वेचताना विजेरीचा उजेड आधी जमिनीवर टाकावा आणि मग पाऊल टाकावे.

दंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, मंत्र-औषधी यांत वेळ न घालवता, दंश झालेला अवयव शक्य तितका न हलवता, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात थेट जावे.

घर वर्षातले बरेच महिने बंद असते. अशा घरी सावलीची बाग शक्य आहे का?

शक्य आहे, आणि खरे तर कोरड्या ऋतूत झोपणारी झाडे अशाच घरांसाठी सर्वांत योग्य आहेत. ज्यांचे मुंबईहून येणे गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यातच होते, त्यांनी युकॅरिस आणि कॅलेथियाचा नाद सोडून संपूर्ण बाग पावसावरच्या कंदांची करावी. मे महिन्यात आलात तर भुईचाफा फुललेला मिळण्याची शक्यता असते आणि नवे कंद लावायची वेळही तीच. गणपतीत बाग ऐन भरात असते: रानहळदीचे तुरे, पेवाची फुले, कॅलेडियमची पूर्ण वाढलेली पाने आणि बांधावर गौरीसाठी तेरडा. शिमग्याला तिथे काही दिसणार नाही, आणि दिसू नये हेच योग्य आहे. कुणालाही पाणी घालायला सांगण्याची गरज पडत नाही. फक्त पावसाळ्यात एकदा, जुलैच्या मध्यास, तण काढून घेण्याची सोय करावी, कारण त्या दिवसांत तण कंदांच्या पानांना सहज झाकून टाकते.

समुद्र जवळ आहे. खाऱ्या वाऱ्याने पाने करपतात का?

करपतात. पावसाच्या सुरुवातीच्या वादळी वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार रुंद पानांच्या कडा तपकिरी करतात. बाग घराच्या आडोशाला, समुद्राच्या विरुद्ध बाजूला करावी किंवा समुद्राकडे उंडी, भेंड यांसारख्या झाडांचा आडोसा ठेवावा.

वाऱ्यापेक्षा फसवे असते ते एप्रिल-मेमधील विहिरीचे पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरी त्या काळात मचूळ होतात, माणसाला चव किंचित बदललेली जाणवते, पण कॅलेथिया आणि नाजूक नेच्यांची टोके वाळू लागतात. अशा ठिकाणी कुंडीतल्या झाडांसाठी गोड्या पाण्याची वेगळी सोय करावी, नाहीतर ती झाडे लावू नयेत. झोपलेल्या कंदांना त्या काळात पाणीच द्यायचे नसल्यामुळे हा प्रश्न त्यांच्यापुरता उद्भवत नाही.

ही झाडे विषारी आहेत का?

कॅलेडियम, ॲग्लोनेमा, पीस लिली आणि कच्चे अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडात तीव्र खाज आणि सूज येते, आणि कंद हाताळताना त्वचेलाही खाज सुटते. शोभेच्या कॅलेडियमचे पान अळूसारखे दिसते म्हणून भाजीच्या अळूशेजारी ते कधीही लावू नये. युकॅरिसचा कंदही खाण्याजोगा नाही. होस्टातील सॅपोनिन कुत्र्या-मांजरांना अपायकारक असते, मात्र जपानमध्ये त्याच्या काही जातींचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात.

रानहळद, पेव, भुईचाफा यांचे कंद रानातून आणावेत का?

आणू नयेत. पेव पावसात जागोजागी दिसतो, पण रानहळदीच्या काही जाती केवळ आपल्याच देशात आढळतात, आणि फुलावर आलेले झाड उपटून आणले तर त्या वर्षीचे बीही जाते व ते झाड बहुधा जगतही नाही. गावातील एखाद्या जुन्या परसात यांपैकी काही ना काही असतेच. पाने वाळल्यावर किंवा मे महिन्यात गड्डा फोडायच्या वेळी त्यातला एक तुकडा मागून घ्यावा. प्रत्येक तुकड्याला किमान एक ठसठशीत डोळा असावा, कापलेल्या भागाला राख लावून तो सावलीत दोन दिवस सुकू द्यावा आणि मग लावावा. युकॅरिस आणि कॅलेडियम विकत घेताना रोपवाटिकेत कंद बोटाने दाबून पाहावा. तो टणक लागला तरच घ्यावा. मऊ किंवा आंबूस वासाचा कंद कितीही स्वस्त मिळत असला तरी घरी आणू नये, कारण त्याच्याबरोबर कूजही बागेत येते.